राजनने टाकलेला शब्द

फेल्डहोवन या डच गावात नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की आठवड्याभरात त्यांच्याकडे राजन टिपणीसचा फोन नंबर पोचतो. घरमालक हीटर दुरुस्त करून देत नाही, मुलाला पाळणाघरात जागा मिळत नाही, गेमेंटेत म्हणजे इथल्या नगरपालिकेत कागद अडकले आहेत, काहीही असो. राजन शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “बघू. मी शब्द टाकतो.”

मग तो खरोखरच जातो. कंपनीचं निळं जाकीट घालून, सायकलच्या पिशवीत बर्फीचा डबा ठेवून. त्याचं डच व्याकरणाची पर्वा करत नाही आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही. काउंटरमागचा माणूस आधी गोंधळतो, मग थोडा हसतो. कधी काम होतं, कधी होत नाही. झालेलं काम राजनच्या शब्दाने झालं की ते नियमाने होणारच होतं, हे कुणी तपासत बसत नाही.

मी राहतो उइटहॉर्नला. हिशेब तपासण्याच्या नोकरीत आयुष्य गेलं, आता पुढच्या वर्षी निवृत्त होईन. राजनची आणि माझी मैत्री आम्ही दोघे या देशात नवे होतो तेव्हापासूनची. मला पहिलं भाड्याचं घर मिळालं ते त्याच्या शब्दावर, असं तो सांगतो. मीही ते खोडून काढलेलं नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, “अरे, इथे नियम असतात. तू उगाच मध्ये पडतोस.”

तो म्हणाला, “उल्हास, नियम चालवायला खुर्चीवर माणूसच बसलेला असतो ना? मग त्याच्याशी बोलायला काय हरकत आहे? आपल्या पोटचं कुणी असेल तर आपणच बोलायचं. ते स्वतःहून कसं बोलणार?”

हे त्याच्यात वडिलांकडून आलं होतं. त्याचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कारकून होते. जन्मभर कुणाकडे काही मागितलं नाही, फक्त एकदा साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन मुलाला शिकाऊ म्हणून घ्या, एवढं बोलले. त्या दारातून राजन आत गेला आणि पुढे शिकत शिकत चिपची यंत्रं बनवणाऱ्या इथल्या मोठ्या कंपनीपर्यंत आला. त्याचं कामही त्याच्या स्वभावासारखंच. ती यंत्रं इतकं बारीक काम करतात की शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी बिघडतात. राजनच्या गटाने ते हादरे यंत्रापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. कुठून हादरा येईल ते आधीच ओळखायचं आणि तो वाटेतच जिरवायचा. या कामात तो फार चांगला समजला जातो.

त्याला एकच मुलगा, प्रतीक. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये द्यायचा, फार तर इंग्रजीत. स्वभावाने मऊ. लहानपणी आमच्याकडे आला की सुचेता, माझी बायको, त्याला विचारायची, “अजून एक पुरी वाढू?” आणि तो बापाकडे बघायचा. राजन म्हणायचा, “वाढा, वाढा, खाईल तो.” आणि तो खायचा.

इथे मुलं बारा वर्षांची झाली की प्राथमिक शाळा सांगते, पुढे कुठल्या वाटेने जायचं. प्रतीकच्या बाईंनी मधली वाट सुचवली. हुशार आहे, पण हातांनी काम करण्यात त्याचा जीव रमतो, असं त्या म्हणाल्या. राजन त्यांच्याकडे गेला. बर्फी नेली. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी प्रतीकलाच बरोबर नेलं. शेवटी बाईंनी मुलालाच समोर बसवून विचारलं, “तुला स्वतःला काय हवंय? विद्यापीठाची वाट हवी का?”

शेजारी बाप बसलेला. प्रतीक म्हणाला, “हो.”

राजनने ही गोष्ट मला त्याच संध्याकाळी फोनवर आनंदाने सांगितली. “बघ, पोराने कसं ठामपणे सांगितलं!”

राजनची बायको मीनल. ती इथे आली तेव्हा नवऱ्याच्या परमिटवर आली होती. काही वर्षं घरी काढली, मग डच शिकली आणि आता शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात तिथे काम करते. तिने मला नंतर एकदा सांगितलं, “भाऊजी, दिवसभर ती चिमुरडी मला नाही म्हणत असतात. नाही खाणार, नाही बसणार, नाही देणार. आधी मला राग यायचा. आता वाटतं, हे सगळ्यांत आधी शिकायला हवं. आमच्या घरात कुणी ते शिकवलंच नाही.”

प्रतीक विद्यापीठात गेला, यंत्रांचा इंजिनिअर झाला. शेवटच्या वर्षी त्याला शिकाऊ म्हणून एका लहानशा फर्ममध्ये जागा मिळाली. ती त्याने स्वतः शोधली होती, हे त्याने मला दोनदा सांगितलं. पहिल्या दिवशी तिथला साहेब हात मिळवत म्हणाला, “अच्छा, तू राजनचा मुलगा! तुझ्या वडिलांचा फोन आला होता.” प्रतीकने वर्ष पुरं केलं, पदवी घेतली आणि हिवाळ्यापुरती सुट्टीतली नोकरी म्हणून क्युरासावला निघून गेला. समुद्रापलीकडचं हे बेट डच राज्याचाच भाग आहे, डच पासपोर्ट असला की तिथे राहायला फारशी अडचण येत नाही. हिवाळा संपला. प्रतीक परतला नाही. बेटावरच्या रानातून पर्यटकांना डर्ट बाइकवर फिरवून आणणाऱ्या एका लहान कंपनीत तो वाटाड्या झाला होता.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कुणी विचारलं तर राजन सांगायचा, “तिकडे प्रोजेक्टवर आहे.” कसला प्रोजेक्ट, ते कुणी विचारलं की मीनल उठून ताटं आवरायला लागायची.

असं करता करता तीन हिवाळे गेले. मग एके दिवशी राजनने मला फोन केला. “कार्निव्हलच्या आठवड्यात आमचं ऑफिस ओस पडतं. आमचा सगळा ब्राबांत प्रांत रंग फासून रस्त्यावर असतो. आम्ही क्युरासावला जातोय. तू पण चल.”

“मी कशाला?”

“सुचेता वहिनी तुझ्या मुलीकडे आर्नहेमला आहेत ना बाळंतपणासाठी? घरी एकटा बसून काय करणार? आणि तू असलास की तो जरा मोकळा बोलेल. उल्हास, मला त्याला घरी आणायचंय. आमच्या शेजारच्या विभागात एक जागा रिकामी होतेय. मी शब्द टाकून ठेवलाय. सप्टेंबरपासून.”

“त्याला विचारलंस?”

“तिथे गेल्यावर सांगतो ना.”

विमानात मीनलने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. ती म्हणाली, “तू तिथे कुणाशी काही बोलायचं नाहीस. त्याच्याशी बोल. हवं तेवढं बोल. पण दुसऱ्या कुणाशीही नाही.”

“बरं.”

“बरं नाही. नाही बोलणार म्हण.”

“नाही बोलणार, बाई.”

विमानतळाबाहेर प्रतीक उभा होता. मी आधी त्याला ओळखलंच नाही. ऊन खाऊन रापलेला, खांदे रुंद झालेले, नखांच्या कडांना तांबडी माती. त्याने आईला उचलून गरकन फिरवलं. बापाला वाकून नमस्कार केला, तसा तो नेहमीच करायचा. मग गाडीत बसल्यावर एकसारखा बोलत राहिला. हे झाड बघा, कायम एकाच बाजूला वारा खाऊन असं वाकडं वाढतं. ही बघा रस्त्यातली घोरपड, नाही, इग्वाना. इथले लोक तिचं सूप करतात, आई, घाबरू नकोस, तुला नाही देणार. राजन मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेरचे निवडुंग बघत होता. मला म्हणाला, “सगळं आपल्या दुष्काळी भागासारखं आहे रे. यासाठी एवढ्या लांब यायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रतीकच्या कंपनीत गेलो. बेटाच्या पश्चिमेला एका जुन्या मळ्यावर पत्र्याची शेड, तिच्यात ओळीने लावलेल्या बाइक आणि बाजूला लहानसं ऑफिस. मालकीण झुलेका, बेटावरचीच, पन्नाशीची, आवाज मोठा. नवऱ्याने हा धंदा उभा केला होता. तो गेल्यावर ती एकटीच बघत होती. तिने राजनचा हात हातात धरला आणि डचमध्ये म्हणाली, “तुमच्या मुलाने माझा धंदा वाचवला. आज तुम्ही पाहुणे. पण नियम सगळ्यांना सारखे, तो सांगेल ते ऐकायचं.”

मी आणि मीनल मागून पाणी आणि हत्यारं घेऊन येणाऱ्या पिकअपमध्ये बसणार होतो. राजन बाइकवर जाणार होता. हे त्यानेच ठरवलं होतं. पोराचं काम बघायचं तर नीट बघू, असं म्हणाला. गुडघ्यापर्यंतचे बूट, छातीवर कवच, कोपरांना पट्टे. मीनल त्याच्याकडे बघून म्हणाली, “विकेटकीपर मैदान चुकून इथे आल्यासारखा दिसतोयस.” प्रतीक इतका हसला की त्याला हेल्मेटचा बंद सोडून पुन्हा बांधावा लागला.

गटात आणखी दोन डच तरुण होते. प्रतीकने सगळ्यांना गोल उभं केलं. आपल्या मागेच राहायचं, पुढे जायचं नाही. हात वर केला की थांबायचं. मग बापापाशी येऊन त्याने हँडलवरच्या त्याच्या मुठी सैल केल्या. डच, मराठी, इंग्रजी सगळं मिसळून म्हणाला, “बाबा, एवढं घट्ट धरू नका. खडकावर ती हलणारच. तिला हलू द्या. उभं राहा, गुडघे सैल सोडा, लांब बघा. चाकाकडे बघितलंत की पडाल.”

“म्हणजे हादरा अडवायचाच नाही?”

“नाही. येऊ द्यायचा.”

निघाले. आम्ही धुळीमागे. वाट म्हणजे नुसते दगड, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच निवडुंग आणि बाभळीसारखी काटेरी झुडपं, मध्येच शेळ्या. पिकअपमध्ये आमची हाडं खिळखिळी होत होती. राजन आधी प्रत्येक दगडाला थांबायचा. प्रतीक वळून बघायचा, थांबायचा, पुढे जायचा. एका कोरड्या ओढ्यात वाळू लागली आणि राजन आडवा झाला. मीनल ओरडली. आम्ही उतरून पोचेपर्यंत प्रतीकने बाइक उचलली होती आणि बापाच्या पाठीवरची वाळू झाडत होता, लहान मुलाची झाडतात तशी. “चाकाकडे बघत होतात ना?” त्याने विचारलं.

“हो रे.”

“मला कळलं ते.”

मग ते उत्तरेच्या किनाऱ्याला आले. तिथे वाऱ्याला अडवायला काही नाही आणि लाटा खडकावर घरांएवढ्या उंच फुटतात. सपाट लांब वाट होती. प्रतीकने हाताने खूण केली, चला. मी राजनला तेव्हा पाहिलं. तो उभा होता, गुडघे सैल, आणि बाइक त्याच्याखाली उड्या मारत होती. तो ओरडत होता. काय ते वाऱ्यात कळलं नाही. थांबल्यावर त्याने हेल्मेट काढलं तेव्हा तोंडावर मातीचा तांबडा थर होता आणि तो हसत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीनल म्हणाली, “भाऊजी, फोटो काढा, पटकन काढा.” मी काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

खडकाच्या सावलीत बसून आम्ही गरम पास्तेची, म्हणजे तिथल्या तळलेल्या करंज्या, खाल्ल्या, त्यांच्या आत भाजी होती, आमच्यासाठी मुद्दाम बनवून घेतलेली. तिथे प्रतीकने सांगितलं. त्याने ते नीट मनात जुळवून ठेवलं होतं, हे दिसत होतं. झुलेका त्याला धंद्यात भागीदार करून घेणार होती. कार्निव्हल संपला की नोटरीकडे जायचं होतं. तो किनाऱ्यालगतचा एक नवा मार्ग आखत होता, शेळ्यांना आणि घरट्यांना त्रास होणार नाही असा. झुलेकाच्या भाच्यालाही ती जागा हवी होती, पण तिने प्रतीकला निवडलं होतं.

“स्वतःहून?” मीनलने विचारलं.

“स्वतःहून, आई. तिला कुणी काही सांगितलं नाही.” आणि तो बापाकडे वळला. “बाबा, म्हणून मला तुम्ही आधी हे सगळं बघायला हवे होतात. आवडलं ना?”

“आवडलं,” राजन म्हणाला. “छान आहे.” मग तो पाणी प्यायला आणि समुद्राकडे बघत बसला. नोकरीचा विषय त्याने काढला नाही. मीनलने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, सुटलो. मलाही तसंच वाटलं.

परत आल्यावर प्रतीक आणि ते दोन तरुण नळीने बाइक धुवायला लागले. मीनल हात-पाय धुवायला गेली. मी राजनचं हेल्मेट परत द्यायला ऑफिसात शिरलो तर राजन झुलेकासमोर खुर्चीत बसला होता. मातीने भरलेला, कवच तसंच छातीवर. डचमध्ये हळू आवाजात बोलत होता, काउंटरवर बोलतो तसा, पुढे झुकून.

“...तुम्ही चांगल्या बाई आहात, म्हणून सांगतो. तुमची फसगत व्हायला नको. त्याची तिकडे मोठी नोकरी ठरलेली आहे. सप्टेंबरला रुजू व्हायचंय. घरात सगळं बोलून झालंय. त्याला तुमच्यासमोर सांगायचा संकोच वाटतो. तो नाही म्हणूच शकत नाही कुणाला. म्हणून बाप या नात्याने मी सांगतो.”

मी मराठीत म्हटलं, “राजन, ऊठ. चल बाहेर.”

“एक मिनिट रे. मोठ्या माणसांचं बोलणं चाललंय.”

त्याचा हिशेब मला कळत होता. आपल्याकडे असं कुणी बोललं असतं तर मालकाने मान डोलवली असती, मुलाला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला असता, आईवडिलांचं ऐक म्हणाला असता, गोडाधोडाने निरोप दिला असता. सगळं सगळ्यांच्या पाठीमागे आणि सगळ्यांच्या भल्यासाठी झालं असतं. झुलेकाने तसलं काही केलं नाही. तिने खिडकी उघडली आणि हाक मारली, “प्रतीक! इकडे ये.”

राजन चपापला. “नाही, नाही, त्याला कशाला?”

“त्याच्याबद्दलच बोलतोय ना आपण?”

प्रतीक ओल्या हातांनी आत आला. झुलेकाने त्याला बसायलाही सांगितलं नाही. तिने राजनचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं. मग म्हणाली, “मला वाईट वाटणार नाही. पण मला रोज सकाळी इथे असणारा माणूस हवा. सप्टेंबरला निघून जाणारा भागीदार मला परवडणार नाही. तुझे वडील म्हणतात ते खरं आहे का? हो की नाही, एवढंच सांग.”

बाहेर नळी कुणीतरी चालूच ठेवली होती, पाणी पत्र्यावर पडत होतं. प्रतीकने बापाकडे बघितलं. राजनच्या तोंडावरची माती आता वाळून तिला भेगा पडल्या होत्या. तो काही बोलला नाही. बोलला असता, मीच बोलतोय, त्याला माहीत नाही, एवढं जरी म्हणाला असता, तरी पुरलं असतं. तो मुलाकडे बघत राहिला. त्या बघण्यात धाक नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. विनवणी होती. परक्या बाईसमोर मला खोटं पाडू नकोस, अशी.

“हो,” प्रतीक म्हणाला. “खरं आहे.”

झुलेका म्हणाली, “मला आधी सांगायला हवं होतंस.” आणि उठून आतल्या खोलीत गेली.

मीनल हात पुसत आली तेव्हा आम्ही तिघे शेडखाली उभे होतो. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “बोललास,” ती म्हणाली. राजन म्हणाला, “अगं, त्यानेच हो म्हटलं.” त्यानंतर परतीच्या दिवसापर्यंत मी तिला त्याच्याशी बोलताना ऐकलं नाही.

संध्याकाळी समुद्राकाठी मी त्याला विचारलं, “तुला तर आज एवढा आनंद झाला होता. मग का?”

तो बराच वेळ वाळू उकरत होता. “म्हणूनच,” तो म्हणाला. “आधी वाटायचं, पोरगं भलत्या नादाला लागलंय, कंटाळून येईल. आज कळलं, हे असलं सुख असेल तर तो कशाला येईल? मीच आलो नसतो.”

विमानतळावर प्रतीक सोडायला आला. बॅगा त्यानेच उचलल्या. आईला मिठी मारली. मग बापाला नमस्कार करून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी पूर्ण मराठीत बोलला. सावकाश, एकेक शब्द जुळवत. “बाबा, तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही. आता माझ्यासाठी परत टाकू नका.”

“बरं,” राजन म्हणाला.

भागीदारी झुलेकाच्या भाच्याला मिळाली. प्रतीकने उन्हाळाभर तिथेच नोकर म्हणून काम केलं, भाच्याला सगळे मार्ग दाखवले, आणि सप्टेंबरला तो परत आला. हो म्हटलं होतं, म्हणून आला. फेल्डहोवनच्या घरातल्या आपल्या जुन्या खोलीत राहायला लागला, शेजारच्या विभागातल्या त्या जागेवर रुजू झाला. राजनने पेढे वाटले. मंडळाच्या गणपतीत त्याने सगळ्यांना सांगितलं, “प्रोजेक्ट संपला.”

पुढचं मी तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं. जेवताना राजन विचारायचा, “भाजी आवडली?” “हो.” “अजून घे.” “हो.” “मंडळातल्या गुरुनाथची पुतणी इथे नोकरीला आलीय. भेटायचं का?” “हो.” भेटून आला. “आवडली?” “हो.” त्या मुलीनेच नंतर नकार कळवला. तिला म्हणे वाटलं, याच्याशी बोलताना समोर कुणीच नाही. राजनला काय करावं ते कळेना. मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. गावाबाहेर मोटोक्रॉसचा ट्रॅक आहे, तिथल्या क्लबवाल्याला जाऊन भेटला. बर्फी नेली. मुलासाठी जागा मिळवली, भाड्याची बाइकसुद्धा ठरवली.

“रविवारी जाशील?”

“हो.”

राजन कुंपणाला धरून उभा होता, हे त्यानेच मला सांगितलं. प्रतीकने ठरलेल्या फेऱ्या मारल्या. कुठे पडला नाही, कुठे उडाला नाही. मग उतरला, बाइक धुतली, पुसली, किल्ली परत केली आणि म्हणाला, “झालं, बाबा. निघायचं?”

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर राजनने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. तो खूप उतरला होता. “उल्हास, माझं एक काम कर. तू त्याच्याशी बोल. माझं तो ऐकतो रे, तीच तर अडचण आहे. तू सांग त्याला. एकदा माझ्यावर ओरड म्हणावं. दार आपटून निघून जा म्हणावं. पण एकदा नाही म्हण.” त्याने माझा हात धरला. “आजवर कुणाकडे स्वतःसाठी मागितलं नाही. शब्द टाक माझ्यासाठी.”

मीनल दिवाणखान्यात होती. तिला सगळं ऐकू येत असणार. ती उठली नाही.

प्रतीक मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला, सायकल हातात धरून. बारीक पाऊस होता. मी म्हटलं, “प्रतीक, एक सांगू?”

“बाबांनी सांगितलंय ना, काका?”

“हो.”

“काय म्हणायचं मी?”

“नाही म्हण. कशालाही. एकदा.”

त्याने चालता चालता त्यावर खरोखर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

“हो, काका,” तो म्हणाला.

बस आली. मी खिडकीशी बसलो. तो सायकलवर बसून परत निघाला होता आणि चौकात सायकलींचा दिवा लाल झाला म्हणून थांबला होता. रविवारची दुपार, पाऊस, रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुणीही नव्हतं. आमची बस वळली तरी तो तिथेच उभा होता, दोन्ही मुठींनी हँडल घट्ट धरून.